चुकीचा पर्याय कुठून येतो

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या लाखो शाळकरी मुलांनी पीसॅट ही परीक्षा दिली. कॉलेज प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेची ही पूर्वपरीक्षा, आणि अकरावीच्या मुलांची एक मानाची शिष्यवृत्तीही तिच्यावर ठरते. तीत एक प्रश्न वाक्यातली चूक शोधण्याचा होता. वाक्य कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्याबद्दल होतं आणि त्याचा आशय साधारण असा होता: मॉरिसन यांची प्रतिभा त्यांना अशा कादंबऱ्या लिहिण्याचं बळ देते, ज्या आफ्रिकी अमेरिकनांनी सोसलेल्या अन्यायातून जन्मतात आणि त्या अन्यायाला वाचाही फोडतात. वाक्याचे काही भाग अधोरेखित केलेले होते आणि शेवटचा पर्याय होता ‘चूक नाही’. उत्तरसूचीनुसार तोच बरोबर होता.

मेरिलँडमधल्या एका शिक्षकाने त्यावर हरकत घेतली. त्याचं म्हणणं असं की, इंग्रजीत ‘मॉरिसन्स जीनियस’ म्हटलं की कर्ता ‘जीनियस’ होतो आणि ‘मॉरिसन्स’ त्याचं विशेषण बनून राहतं. मग पुढे येणारं ‘हर’ हे सर्वनाम कोणाबद्दल? ज्या बाईंबद्दल ते वापरलंय त्या बाई वाक्यात नाम म्हणून आलेल्याच नाहीत. जुन्या शिस्तीच्या काही व्याकरणपुस्तकांत हा नियम खरोखरच दिलेला आहे. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने आधी हरकत फेटाळली. शिक्षकाने पत्रव्यवहार सोडला नाही. अखेर २००३ मध्ये बोर्डाने तो प्रश्न रद्द केला आणि गुण नव्याने मोजले. त्यानंतर भाषाशास्त्रज्ञांनी दुसऱ्या बाजूने तोफ डागली. त्यांच्या मते हा नियमच निराधार आहे, कारण चांगले लेखक शतकानुशतकं अशी वाक्यं लिहीत आले आहेत.

मला भाषाशास्त्रज्ञांचं पटतं. ‘आईच्या आजारपणाने तिला पार खचवून टाकलं’ या मराठी वाक्यात ‘तिला’ म्हणजे कोणाला, असा प्रश्न कोणालाही पडत नाही. पण या वादातून प्रवेश परीक्षांच्या अवघड प्रश्नांचे दोन प्रकार वेगळे करता येतात. एका प्रकारात भाषेचा नियमच वादग्रस्त असतो आणि परीक्षक एक बाजू धरून बसतो. असे प्रश्न थोडे असतात, आणि परीक्षा जितकी जबाबदारीने घेतली जाते तितके ते कमी होतात. आपल्याकडे विद्यापीठ प्रवेशाच्या सीयूईटीसारख्या परीक्षेत तात्पुरती उत्तरसूची जाहीर झाली की ठरावीक शुल्क भरून प्रश्नागणिक हरकत घेता येते. पुरावा हाताशी असेल तर ती जरूर घ्यावी.

दुसऱ्या प्रकारात नियम अगदी स्पष्ट असतो. त्यावर जाणकारांचं एकमत असतं, विद्यार्थ्यालाही तो ठाऊक असतो, तरी उत्तर चुकतं. मुलं निकालानंतर हळहळतात ती या प्रश्नांसाठी. ‘येत होतं, पण गडबड झाली’ असं आपण म्हणतो आणि विषय सोडून देतो. माझं मत असं की, ती गडबड मुलाच्या हातून होण्याआधी प्रश्न रचणाऱ्याच्या टेबलावर झालेली असते, आणि ती कशी केली जाते हे शिकता येतं.

बहुपर्यायी प्रश्न म्हणजे एक बरोबर उत्तर आणि सोबत तीन मनाला येईल ती चुकीची, असं वाटतं. तसं नसतं. रचणाऱ्याचा खरा कस चुकीच्या पर्यायांत लागतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायाने कोणाला ना कोणाला ओढलं पाहिजे. जो पर्याय कोणीच निवडत नाही तो जागा अडवतो, म्हणून तो काढून टाकतात. त्यासाठी नवे प्रश्न आधी आजमावले जातात. आजच्या संगणकावरच्या सॅटमध्ये वाचन-लेखनाच्या २७ प्रश्नांच्या एका भागात २ प्रश्न असे आजमावणीचे असतात. त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे विद्यार्थ्याला कळत नाही. अशा आजमावणीतून दोन गोष्टी पाहतात: किती जणांना उत्तर आलं, आणि एकूण परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्यांना ते इतरांपेक्षा जास्त आलं का. हुशार मुलंच जास्त चुकली तर दोष प्रश्नाचा मानतात. थोडक्यात, छापून आलेला चुकीचा पर्याय ही एक सिद्ध झालेली चूक असते. तुमच्याआधी ती अनेकांनी केलेली असते.

मुलं कोणत्या चुका करतात हे परीक्षकाला बरोबर माहीत असतं. आपणही ते माहीत करून घ्यायला हवं, आणि मराठी घरात वाढलेल्या मुलासाठी तर त्यात एक जास्तीचा धडा आहे.

इंग्रजी भाषकांच्या एका चुकीपासून सुरुवात करू. कॅथरिन बॉक आणि कॅरोल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांना वाक्याची सुरुवात ऐकवायची आणि ती म्हणून पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण करायचं, असा तो प्रयोग होता. ‘द की टू द कॅबिनेट्स’ यासारखी सुरुवात दिली की काही जण ‘इज’ऐवजी ‘आर’ म्हणून जात. किल्ली एक, कपाटं अनेक. क्रियापद किल्लीचं असायला हवं, पण शेजारच्या कपाटांनी ते आपल्याकडे ओढलं. उलट मांडणीत, म्हणजे किल्ल्या अनेक आणि कपाट एक असेल तेव्हा, ही चूक फारशी होत नव्हती. शेजारचं अनेकवचन क्रियापदाला ओढतं, शेजारचं एकवचन तितकंसं ओढत नाही. परीक्षक हे पुरेपूर वापरतात. चूक शोधण्याच्या प्रश्नात मुख्य नाम बहुधा एकवचनी का असतं आणि मधली नामं अनेकवचनी का, याचं हे कारण.

आता तेच मराठीत पाहा: ‘कपाटांची किल्ली हरवली आहे.’ कपाटं आधी आली, किल्ली नंतर, आणि क्रियापद किल्लीच्या लगत. मराठीत विशेषणासारखं जे काही असतं ते नामाच्या आधी येतं, म्हणून मुख्य नाम क्रियापदाच्या जवळ राहतं. शिवाय ‘कपाट’चं ‘कपाटांची’ झालं, त्याला सामान्यरूप आणि प्रत्यय लागला, की ते कर्ता असण्याची शंकाच उरत नाही. इंग्रजीतलं ‘कॅबिनेट्स’ मात्र कर्ता असो वा नसो, दिसायला तसंच. म्हणजे क्रियापदालगतचं नाम बघायची जी सवय मराठीत बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते, तीच इंग्रजीत खड्ड्यात घालते. इंग्रजी मातृभाषेच्या मुलाला एक सापळा असतो, आपल्या मुलाला त्याच जागी दोन.

कर्ता आणि क्रियापद यांच्यातलं अंतर वाढवण्याच्या परीक्षकाच्या युक्त्या मोजक्या आहेत. दोघांच्या मध्ये एखादं उपवाक्य घालायचं. ‘अलाँग विथ’ किंवा ‘ॲज वेल ॲज’ने आणखी माणसं जोडायची: ‘मुख्याध्यापक, शिक्षकांसह, आले’ अशा वाक्यात इंग्रजीत क्रियापद मुख्याध्यापकांचंच, शिक्षक कितीही असोत. नाहीतर वाक्य उलटं करून कर्ता क्रियापदाच्या मागे न्यायचा: ‘कागदांच्या ढिगात एक पत्र होतं’ या धर्तीचं इंग्रजी वाक्य, ज्यात आधी कागद भेटतात आणि पत्र सर्वात शेवटी. उपाय एकच. क्रियापदावर बोट ठेवायचं, ‘हे कोणी केलं’ असं विचारायचं आणि मधला सगळा मजकूर डोळ्यांनी वगळायचा. कच्च्या कागदावर फक्त कर्ता आणि क्रियापद लिहून पाहिलं तर दहा सेकंदांत उत्तर दिसतं.

याहून सूक्ष्म आणि मला स्वतःला सर्वात रंजक वाटणारा प्रकार म्हणजे लोंबकळणारा वाक्यांश. ‘रस्त्याने चालताना झाडं सुंदर दिसत होती.’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. झाडं चालत होती असं कोणीही समजत नाही. चालणारा ‘मी’ वाक्यात नाही आणि असण्याची गरजही नाही. ‘घरी पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला’ हेही तसंच. आपली ‘-ताना’ आणि ‘-ल्यावर’ ही रूपं स्वतःचा वेगळा कर्ता बाळगू शकतात, तो उच्चारला नाही तरी ऐकणारा भरून घेतो. ‘त्याला बघून मला आनंद झाला’ यात तर व्याकरणाने कर्ता आहे ‘आनंद’, पण बघणारा ‘मी’, आणि तो ‘मला’मध्ये बसला आहे. मराठीत अनुभव घेणारा माणूस असा चतुर्थीत जाऊन बसतो आणि तरी वाक्याचा धनी राहतो.

प्रमाण लिखित इंग्रजीला हे चालत नाही. तिथे वाक्य अशा वाक्यांशाने सुरू झालं आणि स्वल्पविराम आला, की त्यानंतरचं पहिलं नाम त्या क्रियेचा कर्ताच असावं लागतं. सॅटमध्ये हा प्रश्न फार आवडीने विचारला जातो. वाक्यांश दिलेला असतो आणि उरलेल्या वाक्याचे चार पर्याय असतात. चारही पर्यायांत माहिती तीच, फक्त क्रम वेगळा. आपल्या ओळखीचा विषय घेऊन तसा एक प्रश्न रचून पाहू. वाक्यांश असा: १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू करताना. पुढचे पर्याय या शब्दांनी सुरू होतात:

(अ) समाजाचा विरोध सावित्रीबाई आणि जोतीरावांना…
(आ) सावित्रीबाई आणि जोतीरावांचं धैर्य…
(इ) सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी…
(ई) शिव्याशाप आणि बहिष्कार यांचा सामना…

मराठीत चारही वाक्यं कशीबशी उभी राहतील. इंग्रजीत फक्त (इ) टिकतं, कारण शाळा सुरू करणारी माणसं स्वल्पविरामाच्या लगेच पुढे फक्त तिथेच आहेत. (अ)मध्ये शाळा विरोधाने सुरू केली, (ई)मध्ये सामन्याने. यातला खरा गळ आहे (आ). त्यात नावं आहेत, डोळ्यांना ती दिसतात, मन म्हणतं माणसं सापडली. पण नाम आहे ‘धैर्य’, आणि धैर्याने शाळा सुरू केलेली नाही. घाईत असलेली, अभ्यास केलेली मुलं जास्त करून इथे अडकतात, कारण नियमाचा अर्धा भाग त्यांना बरोबर आठवलेला असतो.

तिसरी जागा सांध्याची. ‘जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो.’ मराठीला जोडी आवडते: जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जसं–तसं, जो–तो. एकाने दार उघडायचं आणि दुसऱ्याने लावायचं, ही आपल्या वाक्याची लय आहे आणि ती सुंदर आहे. इंग्रजीत ‘ऑल्दो’ आलं की पुढे ‘बट’ चालत नाही, ‘बिकॉज’ आलं की ‘सो’ नको; दोन वाक्यांना सांधा एकच. आपल्याकडच्या चूक शोधा प्रकारच्या प्रश्नांत ‘ऑल्दो… बट’ वर्षानुवर्षं येतो आणि वर्षानुवर्षं गुण घेऊन जातो, कारण कानाला तो खटकतच नाही. कान ‘जरी–तरी’वर पोसलेला आहे.

सांधा जास्त झाल्याची ही चूक, तर सांधा कमी पडल्याची चूक उलट बाजूची. ‘पाऊस आला, आम्ही परतलो’ हे मराठीत खुशाल लिहावं. लिखित इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं ही चूक धरतात. पूर्णविराम, अर्धविराम किंवा स्वल्पविरामासह उभयान्वयी अव्यय लागतं. परीक्षक इथे ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ आणून ठेवतात. हे शब्द सांध्यासारखे दिसतात, पण व्याकरणाने ते क्रियाविशेषणं आहेत, दोन वाक्यांना एकत्र धरून ठेवायची ताकद त्यांच्यात नाही. मागे फक्त स्वल्पविराम असेल तर तो पर्याय गेला. विरामचिन्हांच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट हाताशी असू द्यावी: एकाच जागी एका पर्यायात पूर्णविराम आणि दुसऱ्यात अर्धविराम असेल, बाकी शब्द तेच असतील, तर दोन्ही पर्याय बाद. दोन पूर्ण वाक्यांमध्ये दोघांचं काम एकच असतं, आणि दोन उत्तरं बरोबर असू शकत नाहीत.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगता येतील. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो’ यातला वर्तमानकाळ इंग्रजीत नेला की चूक. तिथे पूर्ण वर्तमानकाळ हवा, आणि दहा वर्षं हा कालावधी असल्याने ‘सिन्स’ नव्हे, ‘फॉर’. ‘विषयावर चर्चा’मुळे ‘डिस्कस अबाउट’ होतं, ‘परत येणे’मुळे ‘रिटर्न बॅक’. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ राहून जातं, कारण ‘माझा एक मित्र’मध्ये मित्र एकच असतो. या सगळ्यांची मुळं मराठीत दिसतात. म्हणून इंग्रजीचं व्याकरण शिकताना मराठी वाक्याची घडण समोर ठेवावी असं मी आग्रहाने म्हणेन. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, ती पद्धत आज जुनाट म्हणून बाजूला पडली. बोलायला शिकण्यासाठी ती अपुरी होतीच. पण दोन भाषांची वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की ती कुठे वेगळी वळतात हे डोळ्यांना दिसतं, आणि प्रवेश परीक्षेतले गळ नेमके त्या वळणांवर टाकलेले असतात.

आता शब्दांकडे वळू. इथे परीक्षांनी शंभर वर्षांत बरीच पलटी खाल्ली आहे. पहिली सॅट २३ जून १९२६ रोजी झाली. कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तयार झालेल्या त्या परीक्षेत ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न होते. एका प्रश्नाला अठरा-एकोणीस सेकंद. त्यात शब्दांच्या व्याख्या होत्या, विरुद्धार्थी शब्द होते, शब्दांची सादृश्यं होती, आणि एक बनावट भाषा देऊन तिचे नियम लावायला सांगणारा भागही होता. पुढे अवघड शब्दांच्या याद्या पाठ करणं हा सॅटच्या तयारीचा मोठा भाग होऊन बसला. त्यावर टीका होत राहिली. धावपटूचं जे नातं मॅरेथॉनशी ते वल्हवणाऱ्याचं कशाशी, असा एक जुना प्रश्न त्या टीकेत सतत पुढे येई. उत्तर होतं ‘रेगाटा’, म्हणजे नौकाशर्यत, आणि ती पाहिलेली मुलं कोणत्या घरांतली असणार हे सांगायला नको. १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्द गेले, २००५ मध्ये सादृश्यं गेली, २०१६ मध्ये गाळलेल्या जागांचे अवघड शब्द गेले. आता २५ ते १५० शब्दांचा छोटा उतारा असतो आणि त्यातल्या जागेला नेमका बसणारा शब्द विचारतात.

आपल्याकडे मात्र दोन्ही तऱ्हा नांदतात. सीयूईटीच्या इंग्रजीत उतारेही असतात आणि समानार्थी-विरुद्धार्थी शब्दही. विरुद्धार्थी शब्द विचारला की पर्यायांत एखादा समानार्थी ठेवणं हा ठरलेला डाव आहे. शब्द ओळखल्याच्या आनंदात मूल पहिला ओळखीचा अर्थ निवडून पुढे जातं. दिसायला जवळचे शब्दही तसेच: ‘एमिनंट’ म्हणजे नामवंत आणि ‘इमिनंट’ म्हणजे येऊ घातलेलं; ‘ॲडव्हर्स’ म्हणजे प्रतिकूल आणि ‘अव्हर्स’ म्हणजे नाखूश; ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती, रस नसलेला नव्हे. अशा जोड्या पाठ कराव्यात, त्यात कमीपणा नाही.

पण खरी अडचण अवघड शब्दांची नसतेच. ती सोप्या शब्दांची असते. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांनी येताना आपल्या मूळ अर्थांपैकी एकच बरोबर आणला आहे. कर्ज ‘सँक्शन’ होतं म्हणजे मंजूर होतं. उताऱ्यात एका देशाने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादले तर ते निर्बंध असतात. ‘चॅम्पियन’ म्हणजे विजेता. पण एखाद्या बाईंनी मताधिकाराचा प्रश्न ‘चॅम्पियन’ केला तर त्यांनी तो हिरिरीने मांडला. ‘इकॉनॉमी’ म्हणजे अर्थव्यवस्था. शब्दांची ‘इकॉनॉमी’ म्हणजे काटकसर. टीम ‘क्वालिफाय’ होते म्हणजे पात्र ठरते. पण आपलं विधान ‘क्वालिफाय’ करणारा लेखक त्याला मर्यादा घालत असतो. हे शब्द मुलाला येतात. न येणाऱ्या शब्दापाशी ते थांबेल तरी, येणाऱ्या शब्दापाशी ते थांबत नाही.

उताऱ्यातला शब्द कसा शोधायचा ते एका उदाहरणावर करून पाहू. समजा उतारा असा आहे: ‘ठिबक सिंचनाने उत्पन्न वाढतं असं संशोधिकेने आधी सरसकट म्हटलं होतं. पुढच्या लेखात तिने तो दावा ______. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत वाढ दिसली, पण भारी काळ्या जमिनीत फरक किरकोळ होता, असं तिने लिहिलं.’ पर्याय चार: मागे घेतला, मर्यादित केला, ठामपणे पुन्हा मांडला, शिंपडला. शेवटचा पर्याय कशासाठी, असं वाटेल. उताऱ्यात सिंचन आहे, पाणी आहे, म्हणून तो ठेवला आहे. विषयाशी नातं सांगणारा पण जागेला न बसणारा शब्द हा कायमचा गळ असतो, इंग्रजी पर्यायांत तो इतका उघडा दिसत नाही एवढंच. ‘ठामपणे पुन्हा मांडला’ हा फक्त पहिलं वाक्य वाचणाऱ्यासाठी. सर्वात धोक्याचा ‘मागे घेतला’. दिशा बरोबर आहे, तिने पाऊल मागेच घेतलं, पण किती? हलक्या जमिनीपुरता दावा अजून उभा आहे. दिशा बरोबर आणि मात्रा जास्त, असा पर्याय चांगल्या वाचकाला फसवण्यासाठी असतो. इंग्रजीत इथे ‘क्वालिफाइड’ हा शब्द येईल, आणि ‘पात्र’ हा एकच अर्थ डोक्यात असलेलं मूल सर्वात आधी तोच खोडेल.

म्हणून पर्याय हाताने झाकावेत आणि रिकाम्या जागेत आधी आपला शब्द घालावा, तोही मराठीत. ‘आवर घातला’, ‘मुरड घातली’ असं काहीही. मग पर्याय उघडून त्या अर्थाच्या जवळचा शोधावा. मुलांना हे उलटं वाटतं, इंग्रजीच्या परीक्षेत मराठीत का विचार करायचा? कारण परीक्षकाने गळ इंग्रजीत टाकले आहेत. आपण त्यांच्याकडे बघायच्या आधी अर्थ ठरवून ठेवला असेल तर ते आपल्याला ओढू शकत नाहीत.

वेळेचा हिशोब दोन्ही परीक्षांत जवळपास सारखा आहे. सॅटच्या वाचन-लेखनात ६४ मिनिटांत ५४ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७१ सेकंद. सीयूईटीत २०२५पासून एका विषयाला ६० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे ७२ सेकंद. गुणांचा हिशोब मात्र वेगळा. सॅटमध्ये एके काळी चुकीच्या उत्तराला पाव गुण कापत. २०१६पासून ते बंद झालं, म्हणून तिथे एकही प्रश्न सोडायचा नसतो. सीयूईटीत बरोबर उत्तराला ५ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. चार पर्यायांतून चिठ्ठी टाकावी तसं उत्तर दिलं तर चारांत एकदा ५ मिळतात, तीनदा १ जातो. सरासरीने प्रश्नामागे अर्धा गुण हाती लागतो. एक पर्याय नक्की खोडता आला तर सरासरी १ गुण, दोन खोडता आले तर २. क्लासमध्ये हा हिशोब सांगतात आणि ‘निगेटिव्ह मार्किंगला घाबरू नका’ म्हणतात.

हिशोब बरोबर आहे, पण तो खरोखर चिठ्ठी टाकणाऱ्याला लागू पडतो. मुलं चिठ्ठी टाकत नाहीत. जे कानाला बरं वाटतं ते निवडतात, आणि कानाला बरं वाटेल असंच तर तीन पर्यायांना घडवलेलं असतं. गुणांच्या या पद्धतीत सहा उत्तरांत एक बरोबर आलं तर ना नफा ना तोटा, त्याहून कमी आलं तर नुकसान. कानामागे जाणारं मूल अवघड प्रश्नांत त्या रेषेच्या खाली सहज जाऊ शकतं, चिठ्ठी टाकणारं तिच्या वर राहतं. तेव्हा एखाद्या प्रश्नात कर्ता सापडत नाही, सांधा कळत नाही, शब्दाची दिशाही लागत नाही, एकही पर्याय कारण देऊन खोडता येत नाही, अशी वेळ आली तर गोड वाटणाऱ्या पर्यायाकडे जाऊ नये. परीक्षेला बसण्याआधीच एक अक्षर ठरवून ठेवावं, अशा प्रत्येक प्रश्नाला तेच द्यावं आणि वाचलेली सेकंदं ज्या प्रश्नात निदान दोन पर्याय खोडले आहेत त्याच्यावर घालवावीत.